पाठ १२ : गच्चीवरचा आवाज

वाचण्यापूर्वी

दरवर्षी २५ आणि २६ फेब्रुवारीला कुवेतमध्ये सुट्टी असते. सालमियात राहणाऱ्या मुलांना हे सांगायला नको. गल्फ रोडवर गाड्यांची रांग, गाड्यांवर झेंडे आणि हॉर्नचा गोंगाट! २५ तारखेला राष्ट्रीय दिन असतो आणि २६ तारखेला मुक्तिदिन. पण मुक्ती कशापासून? आमच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. हा पाठ त्या प्रश्नासाठी आहे.

पाठातले आजोबा, त्यांची नात आणि त्यांच्या घरातल्या गोष्टी कल्पित आहेत. देशांबद्दल आणि शहरांबद्दल जे लिहिलं आहे ते खरं घडलेलं आहे. पाठ थोडा मोठा आहे. एका दमात वाचू नका, दोन दिवसांत वाचा. अवघड शब्दांचे अर्थ शेवटी आहेत.

१

नात सालमियात राहते, नववीत शिकते. आजोबा, म्हणजे तिच्या आईचे बाबा, सोलापूरला असतात. १९९० साली ते सालमियात होते. सालेम मुबारक स्ट्रीटच्या मागच्या एका गल्लीत विजेच्या सामानाचं दुकान होतं, तिथे ते हिशेबनीस होते. आजी, आजोबा आणि चार वर्षांची आई असं तिघांचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर राहायचं.

२५ तारखेच्या संध्याकाळी नातीने व्हिडिओ कॉल लावला.

"आजोबा, उद्या मुक्तिदिन. मला शाळेत पाच मिनिटं बोलायचंय. तुम्ही तेव्हा इथेच होतात ना?"

"मुक्ती झाली तेव्हा नव्हतो गं. त्याच्या आधीचं बघितलंय. दोन ऑगस्ट, गुरुवार. पहाटे मोठा आवाज झाला. मला वाटलं कुणाचा एसी फुटला. तुझी आजी म्हणाली, 'अहो, एसी एवढा फुटतो होय?' खिडकीतून बघतो तर रस्त्यावर रणगाडा!"

"मग?"

"मग काय, सोलापूरला फोन लावला, लागेना. परदेशी फोन सगळे बंद. गावातल्या गावात मात्र चालू होते. तेवढ्यावर दिवस काढले आम्ही. पण फोनवर सरळ बोलायची भीती. कोण ऐकतंय काय माहीत! आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं होतो. आमच्यात ठरलं, सैनिकांना 'पाहुणे' म्हणायचं. 'वहिनी, आज आमच्याकडे पाहुणे आलेत, भाजी न्यायला येऊ नका' म्हणजे आमच्या गल्लीत घरं तपासतायत, इकडे फिरकू नका."

नात हसली. "म्हणजे मराठी हीच तुमची सीक्रेट भाषा!"

"हसतेस काय! चार वर्षांच्या पोरीलाही शिकवलं होतं, सैनिक दिसला तरी 'सैनिक' म्हणायचं नाही. तिला पाहुणे म्हटलं की आनंदच व्हायचा. आपल्या घरी का येत नाहीत, म्हणून विचारायची."

२

आता आजोबांना जरा थांबवू आणि काय झालं होतं ते नीट समजून घेऊ.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या सैन्याने कुवेतवर आक्रमण केलं. तेव्हा इराकचा अध्यक्ष सद्दाम हुसेन होता. काही तासांत शहर सैन्याच्या ताब्यात गेलं. कुवेतचे अमीर सौदी अरेबियात गेले. ८ ऑगस्टला इराकने कुवेत आपल्यात जोडल्याचं जाहीर केलं आणि महिनाअखेरीला 'हा आमचा एकोणिसावा प्रांत' असं म्हटलं. सैन्याची ही राजवट २६ फेब्रुवारी १९९१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सात महिने चालली.

सैनिकी राजवटीत नेहमीचे कायदे बाजूला ठेवले जातात. अधिकाऱ्याचा हुकूम हाच कायदा. हुकूम चूक आहे असं वाटलं तर कुठे जायचं? एरवी कोर्टात जाता येतं, वर्तमानपत्रात लिहिता येतं, चार लोक जमवून निषेध करता येतो. सैनिकी राजवटीत या तिन्ही वाटा एकदम बंद होतात.

कुवेतच्या १९६२ च्या राज्यघटनेत मत मांडण्याचा हक्क कलम ३६ मध्ये आहे. कलम ४४ मला फार आवडतं. लोकांना खाजगी जागी जमायला परवानगी लागणार नाही आणि तिथे पोलिसांनी येऊन बसायचं नाही, असं त्यात लिहिलं आहे. ज्या देशात दिवाणिया आहेत तिथे हे कलम असणारच! दिवाणिया म्हणजे घराला लागून असलेली बैठकीची मोठी खोली. संध्याकाळी पुरुषमंडळी तिथे जमतात, चहा-कॉफी पितात आणि जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतात. आपल्याकडच्या पाराची किंवा चावडीची आठवण व्हावी अशी जागा.

इथे एक गोष्ट लपवायला नको. आक्रमणाच्या आधीही कुवेतमध्ये सगळं मोकळं नव्हतं. १९८६ मध्ये तिथली संसद बरखास्त झाली होती आणि वर्तमानपत्रं छापण्याआधी तपासली जात होती. संसद परत हवी म्हणून १९८९ च्या डिसेंबरपासून लोक दर सोमवारी कुणाच्या तरी दिवाणियात जमू लागले. पोलिसांनी काही ठिकाणी त्यांना अडवलंही. म्हणजे बोलण्याचा आणि जमण्याचा वाद घरातल्या घरात चालूच होता, तेवढ्यात बाहेरचं सैन्य आलं.

३

सैन्य आल्यावर पहिल्या आठवड्यात लोक रस्त्यावर उतरले. त्यात बायका पुढे होत्या. हातात कुवेतचा झेंडा, अमिरांचा फोटो. ८ ऑगस्टला जाबरिया भागात बायकांचा असाच एक मोर्चा निघाला. जाबरिया सालमियापासून किती जवळ आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्या मोर्चावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि सना अल-फुदरी ही तरुणी मारली गेली. कुवेतमध्ये तिचं नाव आजही आदराने घेतात. त्यानंतर मोर्चे थांबले.

मोर्चे थांबले, पण लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी वेगळे मार्ग शोधले. एका रात्रीत रस्त्यांच्या पाट्या नाहीशा झाल्या. घरांवरचे नंबर लोकांनी स्वतःच उखडून टाकले. सैनिकांकडे नावांची यादी असायची, पत्ताही असायचा, पण ती गल्ली कुठली आणि ते घर कुठलं हे सांगणारी पाटीच नाही! इराकने हुकूम काढला की गाड्यांच्या नंबर प्लेट बदला, ओळखपत्रं बदला. पुष्कळ कुवेती लोकांनी गाडी घरात उभी ठेवली, पण इराकी प्लेट लावली नाही. गाडी न चालवणं हेसुद्धा एक वाक्य झालं.

कुवेतची वर्तमानपत्रं बंद पडली. सैन्याने स्वतःचं एक वर्तमानपत्र सुरू केलं, त्याचं नाव 'अन-निदा'. निदा म्हणजे हाक. त्याला उत्तर म्हणून लोकांनी हाताने लिहिलेली, फोटोकॉपी केलेली पत्रकं काढली. ती हातोहात फिरायची. आज तुम्ही एका बोटाने शंभर लोकांना निरोप पाठवता. तेव्हा एक कागद दहा घरी पोचवायला दहा वेळा जीव धोक्यात घालावा लागायचा, कारण तपासणीत पत्रक सापडलं तर पकडून नेत. काही जणांना परत आणलं ते त्यांच्याच दारात, घरच्यांसमोर गोळी घालायला. अस्रार अल-कबंदी नावाची कुवेती स्त्री सॅटेलाइट फोनवरून आतल्या बातम्या बाहेरच्या जगाला सांगत होती. तिला पकडलं आणि जानेवारी १९९१ मध्ये ठार केलं.

४

"आजोबा, तुम्ही काय केलंत?" नातीने विचारलं.

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"दुकानात अमिरांचा फोटो होता. मालक कुवेती, भला माणूस. त्यांचा भाऊ पकडला गेल्यावर ते लपून राहायचे. हुकूम आला की दुकानात सद्दामचा फोटो लागला पाहिजे. मी अमिरांचा फोटो काढला आणि घरी आणून तांदळाच्या पोत्यात खुपसला. तुझी आजी रोज वरून तांदूळ काढायची आणि म्हणायची, 'यांना भात कमी घाला, नाहीतर महाराज वर येतील.'"

"आणि सद्दामचा फोटो?"

"लावला की. लावला बाळा. न लावून काय करणार? माझ्याकडे पासपोर्ट होता भारताचा. आम्ही तिथे पाहुणेच, खरे पाहुणे. सगळ्यांचं एकच चाललं होतं, इथून सुखरूप बाहेर कसं पडायचं. आपलं सरकार बगदादशी गोडीने बोलत होतं, कारण लोकांना बाहेर काढायचं होतं. मग आपण कशाला काय बोला?"

तेव्हा कुवेतमध्ये दीड लाखाहून जास्त भारतीय होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल ऑगस्टमध्ये बगदादला जाऊन सद्दाम हुसेनला भेटले. त्या भेटीत सद्दामने गुजरालांना मिठी मारली. तो फोटो जगभर छापून आला आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. पण लोकांना बाहेर पडायची वाट मिळाली. बसने बसरा, बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डनची सरहद्द, मग अम्मान. अम्मानहून एअर इंडियाची विमानं मुंबईला. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात ४८८ फेऱ्या झाल्या आणि लाखाहून जास्त लोक परत आले. गप्प राहण्याची किंमत काय आणि बोलण्याची किंमत काय, याचा हिशेब त्या मिठीतही होता आणि आजोबांच्या भिंतीवरच्या फोटोतही होता.

"पण एक रात्र मात्र..." आजोबा थांबले.

"सांगा ना."

"आक्रमणाला महिना झाला असेल. रात्रीचे बारा वाजले असतील. एकदम आवाज आला. समोरच्या गच्चीवरून. 'अल्लाहु अकबर.' मग शेजारच्या गच्चीवरून, मग पलीकडच्या. बघता बघता सगळी सालमिया ओरडत होती. अंधारात कोण ओरडतंय दिसत नव्हतं. अंगावर काटा आला माझ्या."

"ही तर प्रार्थना ना? अजानमध्ये असते."

"तेच तर! हे शब्द सैनिकपण म्हणायचे, तेही मुसलमानच. त्यांनी बंदी घालायची तरी कशावर? पण अर्थ सगळ्यांना कळत होता."

आजोबांचं खरं आहे. पुढे जानेवारी १९९१ मध्ये सद्दाम हुसेनने हेच शब्द इराकच्या झेंड्यावर लिहून घेतले. त्याच्याच झेंड्यावरचे शब्द त्याच्याविरुद्ध गच्चीवरून म्हटले गेले होते.

"मग खालून गोळ्यांचे आवाज आले. हवेत झाडत होते की गच्च्यांवर, काय माहीत. तुझी आई जागी झाली. तिला वाटलं खेळ आहे. ती खिडकीत गेली आणि जोरात ओरडायला लागली, सगळ्यांसारखं. मी धावलो आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. ती रडायला लागली तरी काढला नाही. आवाज थांबेपर्यंत तसाच बसलो होतो भिंतीला टेकून."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

"त्यानंतर दोन आठवड्यांनी आम्ही निघालो. पस्तीस वर्षं झाली, अजून विचार करतो. पोरीला वाचवलं ते बरोबरच. तरी पण सगळं गाव बोलत होतं, आणि मी माझ्या लेकराचं तोंड धरून बसलो होतो."

५

तोंड बंद केलं की खोटं वाढतं, हेही कुवेतच्या गोष्टीत दिसतं.

ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला एका सुनावणीत नायिरा नावाची पंधरा वर्षांची मुलगी बोलायला उभी राहिली. आपण कुवेतच्या दवाखान्यात काम करत होतो, सैनिकांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळांना काचेच्या पेट्यांतून काढून जमिनीवर टाकलेलं आपण पाहिलं, असं ती रडत रडत म्हणाली. जग हादरलं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्कांची संस्था. तिच्या डिसेंबरच्या अहवालातही बाळांची गोष्ट आली. युद्ध झालं पाहिजे असं म्हणताना अमेरिकेच्या अध्यक्षांनी ती पुन्हा पुन्हा सांगितली.

युद्ध संपल्यावर पत्रकार दवाखान्यात गेले, डॉक्टरांना भेटले. गोष्ट खरी असल्याचा पुरावा मिळाला नाही. ॲम्नेस्टीने आपलं म्हणणं मागे घेतलं. १९९२ च्या जानेवारीत उघड झालं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची मुलगी होती, आणि तिच्या भाषणाच्या तयारीत एका जनसंपर्क कंपनीचा हात होता.

दारातल्या गोळ्या खऱ्या होत्या, छळ खरा होता, बेपत्ता झालेले ६०० हून अधिक लोक खरे होते. मग खोट्याची गरज का पडली? याचं उत्तर मी देणार नाही, वर्गात बोलू. एवढंच सांगते की कुवेतमध्ये तेव्हा एक जरी वार्ताहर मोकळेपणाने दवाखान्यात जाऊ शकला असता, तर या गोष्टीची शहानिशा एका दुपारी झाली असती.

६

"आजोबा, पण फोटो पोत्यात लपवायचं तुम्हाला कसं सुचलं?"

"ते माझं नाही गं. ते तुझ्या पणजीच्या सासूबाईंचं." आजोबा हसले. "आपल्या सोलापुरातपण मार्शल लॉ होता, माहितीय? माझे वडील तेव्हा दहा वर्षांचे होते."

ही गोष्ट १९३० ची. मे महिन्याच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने गांधीजींना अटक केली. सोलापूर हे कापडगिरण्यांचं गाव. गिरणी कामगार आणि गावकरी चिडून रस्त्यावर आले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. जमावाने पोलीस चौकी जाळली, त्यात पोलीसही मारले गेले. इंग्रज अधिकारी गावातून निघून गेले आणि तीन-चार दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनीच रहदारी आणि गाव सांभाळलं. मग सैन्य आलं. १२ मेपासून ३० जूनपर्यंत सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा होता. जमायला बंदी, झेंड्याला बंदी. डोक्यावर पांढरी गांधी टोपी दिसली तर सैनिक ती उतरवायला लावत.

"टोपीने काय होतं?" नातीला कळेना.

"काही होत नाही. तीन-चार आण्यांचं कापड. पण ती घालून माणूस नुसता रस्त्याने गेला तरी काय म्हणायचंय ते लोकांना कळायचं. माझ्या आजीने वडिलांची टोपी पिठाच्या डब्यात लपवली. आषाढात बाहेर काढली तर तिला आळ्या लागलेल्या!"

त्या दिवसांबद्दल चौघांवर खटला चालला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. पोलिसांच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर ठेवला होता. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात त्यांना फाशी दिली. यातले कुर्बान हुसेन 'गजनफर' नावाचं पत्र चालवत. सोलापूरला गेलात तर चार हुतात्म्यांचे पुतळे नक्की बघा. चार नावांत किती प्रकारची घरं आहेत तेही बघा.

इंग्रज परके होते, सद्दामचं सैन्यही परकं होतं. म्हणजे परकं सैन्य वाईट आणि आपलं चांगलं, असं वाटायला लागतं. पण थांबा.

२६ फेब्रुवारी १९९१ ला कुवेत मुक्त झालं. त्याच दिवसापासून कुवेतच्या स्वतःच्या सरकारने लष्करी कायदा लावला. तो चार महिने चालला. मे महिन्यात लष्करी कोर्टात खटले सुरू झाले. शत्रूला मदत केल्याचा आरोप असलेल्या लोकांचे ते खटले होते आणि त्यात खरोखरचे गुन्हेगारही असतील. पण पहिल्याच दिवशी एका माणसाला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. का? त्याने सद्दामचं चित्र असलेला टी-शर्ट घातला होता म्हणून. 'अन-निदा' वर्तमानपत्रात काम करणाऱ्या काही जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. जगातून टीका झाल्यावर ती जन्मठेपेवर आणली.

त्या माणसाने टी-शर्ट आवडीने घातला असेल, की भीतीने घातला असेल, आजोबांनी फोटो लावला तसा? कोर्टाने कितपत विचारलं असेल? सोलापुरात टोपी, कुवेतमध्ये टी-शर्ट. मला तो सद्दामचा टी-शर्ट मुळीच आवडला नसता. तरीही पंधरा वर्षं फार वाटतात.

जानेवारी १९९२ मध्ये कुवेतमधली वर्तमानपत्रांची आधी होणारी तपासणी उठली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदेची निवडणूक झाली. सोमवारी दिवाणियात जमणाऱ्या लोकांची मागणी अशी काही वर्षांनी पूर्ण झाली.

७

"तुम्ही परत कधी आलात?"

"ब्याण्णव साली. एकटाच. दुकान लुटलेलं, आत काही नाही. भिंतीवर खिळा तेवढा शिल्लक होता."

"आणि पोतं?"

"निघताना तांदूळ खालच्या मजल्यावरच्या इजिप्तच्या कुटुंबाला दिला. फोटो आत आहे हे सांगायचं राहूनच गेलं बघ! कुणाच्या हाताला लागला, त्यांनी काय केलं, देव जाणे."

फोन ठेवल्यावर नात स्वयंपाकघरात गेली. आई पोळ्या लाटत होती.

"आई, तुला कुवेतची ती रात्र आठवते? गच्चीवर सगळे ओरडत होते ती?"

आईने लाटणं बाजूला ठेवलं.

"ओरडणं नाही आठवत. आजोबांच्या हाताचा वास आठवतो. पानाचा होता, कात-चुन्याचा." मग ती म्हणाली, "का गं? काही म्हणाले का ते?"

शब्दार्थ

आक्रमण : दुसऱ्याच्या देशात सैन्य घुसवणे.
बरखास्त करणे : सभा किंवा संसद बंद करून टाकणे.
पत्रक : लोकांना वाटायचा छापलेला किंवा लिहिलेला कागद.
हातोहात : एका हातातून दुसऱ्या हातात, झटपट.
शहानिशा : एखादी गोष्ट खरी की खोटी याचा तपास.
बेपत्ता : कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही असा.
हुतात्मा : देशासाठी किंवा तत्त्वासाठी प्राण देणारा.
पार : झाडाभोवती बांधलेला ओटा, गावकरी तिथे बसून गप्पा मारतात.
चावडी : गावाच्या कामासाठी लोक जमतात ती जागा.
बिऱ्हाड : घर, किंवा एका घरात राहणारं कुटुंब.

भाषेची गंमत : तोंड

मराठीत 'बोलणं' आणि 'गप्प राहणं' यासाठी पुष्कळ वाक्प्रचार आहेत. 'तोंडाला कुलूप लावणे' म्हणजे अजिबात न बोलणे. 'तोंडातून ब्र न काढणे' म्हणजे एक अक्षरही न बोलणे. 'तोंड वर करून बोलणे' म्हणजे मोठ्यांना उलट बोलणे. घरी आई हे रागावून म्हणते ना? 'भिंतीलाही कान असतात' म्हणजे जपून बोला, कुणीतरी ऐकत असेल. यातला कोणता वाक्प्रचार आजोबांच्या 'पाहुणे' या युक्तीला लागू पडतो? तो वापरून दोन वाक्यं लिहा.

आजोबांचं बोलणं परत वाचा. 'लावला की', 'बघ', 'होय?' असे शब्द लिहिण्याच्या भाषेत कमी येतात, बोलताना मात्र सारखे येतात. असे आणखी चार शब्द शोधा.

समजलं का?

१. परदेशी फोन बंद होते, गावातले चालू होते. तरी आजोबा फोनवर सरळ का बोलत नव्हते?
२. लोकांनी घरांचे नंबर स्वतःच का काढून टाकले?
३. कुवेतच्या घटनेतल्या कलम ४४ मध्ये पोलिसांबद्दल काय म्हटलं आहे?
४. गच्चीवरच्या शब्दांवर बंदी घालणं सैन्याला अवघड का होतं?
५. सोलापूरची टोपी आणि कुवेतचा टी-शर्ट यांत काय सारखं आहे? काय वेगळं आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना घाई करू नका.

बोला

जोडीने करा. एक जण आजोबा, एक जण आई. आईने आजोबांना फोन केला आहे आणि त्या रात्रीचा विषय निघाला आहे. आई आजोबांना 'बाबा, तुम्ही' म्हणेल, आजोबा तिला 'तू' म्हणतील. पाच-सहा वाक्यंच बोला, पण पाठातली वाक्यं तशीच म्हणू नका.

लिहा

तुमच्या घरातल्या, ओळखीतल्या एखाद्या मोठ्या माणसाला विचारा : "मनात असूनही बोलता आलं नाही, असं कधी झालं का?" त्यांना वेळ द्या. त्यांना सांगायचं नसेल तर आग्रह करू नका. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत दहा ओळींत लिहा आणि लिहिल्यावर त्यांना वाचून दाखवा. नाव लिहू नका असं ते म्हणाले, तर नाव लिहायचं नाही.